वीस वर्षांचा फाळका

अमेरिकेत धनुष्याचं लाकूड विकणारा माणूस किंमत सांगण्याआधी लाकडाचं वय सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी तोडलंय. आजोबांच्या वेळचं आहे, कोठाराच्या आढ्याला टांगलेलं होतं. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो: इतकी वर्षं वाळलं म्हणजे चांगलं मुरलं असणार, चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. वाळायला लागतो तेवढा काळ गेला की पुढची वर्षं लाकडात फारशी भर घालत नाहीत. त्या वर्षांत लाकूड बिघडायला मात्र भरपूर वाव असतो. म्हणून जुनं लाकूड हाती आलं की ते किती वर्षांचं, यापेक्षा ती वर्षं त्यानं कुठे काढली हे आधी शोधावं लागतं. विकणाऱ्याला ते बहुधा ठाऊक नसतं. खुणा लाकडावरच असतात, पण त्या वाचायला थोडा सराव लागतो.

ओंडक्यात पाचरी ठोकून तो उभा फोडला की जे लांब तुकडे निघतात, त्यांना आपण फाळके म्हणू. साधारण १८० सेंटिमीटर लांब, तळहाताएवढा रुंद, टोकाकडून पाहिला तर त्रिकोणी: बाहेरच्या अंगाला सालीची गोलाई आणि आत झाडाच्या मध्याकडे निमुळती होत गेलेली धार. असे फाळके करवतीनं न कापता फोडण्यालाही कारण आहे. करवत सरळ जाते, लाकडाचे धागे कुठे का जाईनात. पाचर धाग्यांच्या वाटेनं जाते. त्यामुळे फोडलेल्या फाळक्याच्या नुसत्या बाजू पाहिल्या तरी झाड सरळ वाढलं होतं की पीळ घेत, ते कळतं. करवतीच्या गुळगुळीत फळीत हेच शोधायला डोळे ताणावे लागतात.

या प्रकरणापुरतं एकच झाड मुख्य धरू: ओसेज ऑरेंज. नावात ऑरेंज असलं तरी संत्र्याशी त्याचं नातं नाही. ते वड, तुती आणि फणस यांच्या कुळातलं. ताजा चिरलेला गाभा इतका पिवळाजर्द असतो की कोकणातल्या सुतारानं त्याला फणस म्हटलं तरी नवल नाही. मूळ घर टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा या राज्यांतला रेड नदीच्या आसपासचा छोटा पट्टा. १८०४ मध्ये शोधप्रवासी मेरिवेदर लुईस यांनी सेंट लुईसहून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे या झाडाच्या काही डहाळ्या पाठवल्या. त्यानंतर काही वर्षांनी निसर्गअभ्यासक जॉन ब्रॅडबरी मिसुरी नदीवरच्या अरिकारा लोकांत पोचले, तेव्हा तिथे या लाकडाच्या एका धनुष्याची किंमत होती एक घोडा आणि एक घोंगडी. अरिकारांची वस्ती या झाडाच्या मुलखापासून शेकडो मैल उत्तरेला. एवढ्या लांबवर माल पोचत होता, यातच या लाकडाची पत आली.

काटेरी तार रुळण्याआधी मध्य-पश्चिमेतल्या शेतकऱ्यांनी गुरं अडवायला याच झाडाची जिवंत कुंपणं लावली. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांच्या तारेला पेटंट मिळालं आणि ही कुंपणं मागे पडली, पण झाडं उभीच राहिली. तारेचे खांबसुद्धा याच लाकडाचे करत, कारण ते मातीत पुरलं तरी कित्येक दशकं कुजत नाही. ही शेवटची गोष्ट आपल्या कामाची आहे. ओसेजचा जुना फाळका विकत घेण्यात जेवढा धोका आहे, त्याच्या कितीतरी पट धोका हिकरी किंवा ॲश या झाडांच्या तितक्याच जुन्या फाळक्यात असतो. त्याचं कारण पुढे येईल.

आधी धनुष्य लाकडाकडून काय मागतं ते पाहू. दोरी ओढली की निशाण्याकडची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची दाबली जाते. ताणल्या जाणाऱ्या बाजूला पाठ म्हणू, दाबल्या जाणारीला पोट. बहुतेक लाकूड दाबापेक्षा ताण कितीतरी जास्त सोसतं, साधारण दुपटीच्या आसपास. म्हणून निरोगी लाकडाचं धनुष्य सहसा पोटाकडून हार मानतं, आणि तेही सावकाश: दोरी काढल्यावरही ते थोडं वाकलेलं राहतं, किंवा पोटावर केसासारख्या आडव्या चुरगळ्या उमटतात. असं धनुष्य मंद होतं, पण जीव घेत नाही. पाठ फाटते तेव्हा मात्र पूर्वसूचना नसते. ताणलेल्या धनुष्याचे दोन तुकडे होऊन एक डोक्याकडे येतो. जुनं लाकूड तपासताना सगळी धडपड हा दुसरा प्रकार टाळण्यासाठी असते.

आता पाणी. जिवंत झाडाच्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं आणि त्यानं लाकडाचं काही बिघडत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी सुटू लागतं. लाकूड तिथून पुढे आकसतं, ताठ होतं, बळकट होतं. धनुष्याला साधारण आठ ते दहा टक्के ओलावा मानवतो. फोडलेला फाळका सावलीत, वाऱ्यावर ठेवला तर तिथपर्यंत यायला एक-दोन वर्षं पुष्कळ झाली. त्यानंतर लाकूड आणखी वाळत राहत नाही. भोवतालच्या हवेशी त्याची तडजोड होते आणि हवा बदलेल तसा ओलावा वरखाली होतो. वीस वर्षं वाळलेला फाळका, असं म्हणणं म्हणूनच फसवं आहे. दोन वर्षांत तो वाळला. उरलेली अठरा वर्षं त्यानं ऋतू मोजले.

ही तडजोड किती टक्क्यांवर होते, ते हवेतल्या दमटपणावर ठरतं. सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असेल तर लाकूड नऊच्या आसपास स्थिरावतं. ऐंशी टक्के असेल तर सोळाच्या. मुंबईच्या पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात ती यामुळेच. त्या दिवसांत तिथे उघड्यावर ठेवलेल्या फाळक्याचं धनुष्य केलं तर ते पहिल्याच महिन्यात पोटाकडून बसेल. नेब्रास्काच्या हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. बाहेर बर्फ, आत भट्टी पेटलेली, खोलीतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्के. तिथे माळ्यावर पडून असलेल्या लाकडात जेमतेम पाच टक्के ओलावा उरतो. ते हाताला छान लागतं, ठोकलं की खणखणतं, आणि वाकवलं की तुटतं. हौशी लोकांची बरीच जुनी लाकडं अशी वाया जातात आणि दोष लाकडाच्या वयावर जातो. खरं म्हणजे त्याला काही आठवडे मध्यम दमट खोलीत ठेवून दर दोन-तीन दिवसांनी वजन केलं असतं, वजन वाढायचं थांबेपर्यंत वाट पाहिली असती, तर बहुतेकदा तेच लाकूड नीट वाकलं असतं. वजनकाटा हे या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार आहे.

मात्र कोरडेपणा भरून काढता येतो तसा उष्णतेचा परिणाम भरून काढता येत नाही. तापलेल्या पत्र्याला चिकटून कित्येक उन्हाळे काढलेल्या लाकडाच्या पेशीभित्तिका हळूहळू ठिसूळ होतात आणि पाणी परत दिलं तरी चिवटपणा परत येत नाही. विकणारा जेव्हा अभिमानानं सांगतो की माल पत्र्याच्या शेडच्या अगदी वरच्या फळीवर ठेवला होता, तेव्हा मी तरी किंमत थोडी खाली आणायला सुरुवात करेन.

यानंतर टोकं बघायची. लाकूड टोकाकडून फार वेगानं वाळतं, आणि वलयांच्या दिशेनं ते जेवढं आकसतं ते मध्यापासून बाहेरच्या दिशेच्या आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. या ओढाताणीत टोकाला मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या भेगा पडतात. जाणता माणूस झाड पाडलं त्याच दिवशी टोकांना मेण, रंग किंवा डिंक फासतो. टोकांवर जुन्या रंगाचा थर दिसला तर समजावं, हे लाकूड कामाच्या माणसाच्या हातून गेलंय. थर नसेल आणि भेगा हातभर आत गेल्या असतील, तर लांबी मोजताना तेवढं वजा करायचं. भेगेची खोली बारीक तार आत सरकवून कळते.

भेग दिसली की फाळका बाद, असं मात्र नाही. धाग्यांना समांतर, धनुष्याच्या लांबीतून सरळ जाणारी भेग बरीचशी निरुपद्रवी असते. पातळ गोंद आत सोडला की काम भागतं. उलट ती उपयोगाची आहे, कारण धागे कुठे जातात हे ती फुकटात दाखवते. तिरकी जाऊन फाळक्याच्या कडेतून बाहेर पडणारी भेग घातक, कारण धनुष्य त्या रेषेवरच सोलून निघणार. तिसरा प्रकार वलयांच्या मधून जाणाऱ्या भेगेचा. वाऱ्यानं हेलकावे खाल्लेल्या झाडात दोन वर्षांची वलयं एकमेकांपासून सुटतात आणि टोकाकडून पाहिलं तर चंद्रकोरीसारखी फट दिसते. ती पाठीच्या जवळ असेल तर फाळका सरळ चुलीकडे.

वलयांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथेच लाकडाची निम्मी परीक्षा होते. ओसेज, ॲश, एल्म, हिकरी ही झाडं वसंतात मोठ्या छिद्रांचं, पोकळ लाकूड घालतात आणि उन्हाळ्यात घट्ट, भरीव लाकूड. दोन्ही मिळून एक वलय. आपल्याकडच्या सागाची वलयंही अशीच स्पष्ट दिसतात, म्हणून घरातल्या सागवानी टेबलाची आडवी कापलेली कड बघितली तरी कल्पना येईल. धनुष्याला हवं असतं ते उन्हाळी लाकूड. वसंताचा थर म्हणजे नुसत्या नळ्यांची रांग, त्यात जोर नाही. म्हणून टोक तासून गुळगुळीत करायचं, थुंकीनं ओलं करायचं आणि भिंगातून दोन्हींचं प्रमाण बघायचं. वसंताचा थर कागदाएवढा आणि उन्हाळ्याचा त्याच्या पाच-सहा पट असेल तर उत्तम. दोन्ही सारखे असतील तर लाकूड हलकं आणि भुसभुशीत निघणार.

यात एक विरोधाभास आहे, तो नवख्याला हमखास चकवतो. बारीक, दाट वलयं म्हणजे चांगलं लाकूड, ही समजूत सूचिपर्णी झाडांकडून आली. यू या सूचिपर्णी झाडात ती खरी आहे: आल्प्सच्या थंड उतारावर सावकाश वाढलेल्या यूची वलयं दाट आणि लाकूड अव्वल. पण ॲश किंवा ओसेजमध्ये वसंताचा थर दरवर्षी साधारण तेवढाच पडतो. वर्ष वाईट गेलं तर काटछाट होते ती उन्हाळी थरात. म्हणजे सावकाश वाढलेल्या ॲशमध्ये पोकळ लाकडाचं प्रमाण जास्त. जोमानं वाढलेल्या झाडाची रुंद वलयंच तिथे हवीत. शिवाय ओसेजच्या पाठीसाठी एकच वलय अखंड सोलून काढावं लागतं आणि कागदाएवढ्या वलयाच्या मागे सुरी घेऊन लागणं म्हणजे आठवडाभराची शिक्षा.

हे एक वलय सोलणं ओसेजच्या कामाचा कणा आहे. सालीखालचा पांढरट थर काढून टाकतात, मग पिवळ्या गाभ्यातलं एक निरोगी वलय निवडतात आणि दोन मुठींच्या सुरीनं त्याच्या वरचं सगळं लाकूड उतरवतात. वसंताच्या थरात सुरी गेली की कुरकुर आवाज येतो, हाताला खरखर जाणवते. तो थर संपला की खाली उन्हाळी लाकडाची तुळतुळीत पाठ लागते. तिथे थांबायचं. एका जागी जरी सुरी खाली घसरली आणि वलय तुटलं तरी तिथून धागा उठतो. जुन्या फाळक्यात हे काम अधिक सांभाळून करावं लागतं, कारण वाळलेलं लाकूड कठीण होतं आणि सुरीला तिरकी ओढ लागते. ओलं असतानाच पाठ सोलून तिच्यावर शेलॅक किंवा गोंद फासून ठेवलेला जुना फाळका मिळाला तर तो इतरांपेक्षा महाग घ्यायलाही हरकत नाही. अवघड निम्मं काम आधीच झालेलं असतं.

यू मात्र वेगळ्या घडणीचं. त्याचा सालीखालचा पांढरा थर ताण उत्तम सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब. म्हणून यूमध्ये पांढरा थर ठेवतात, तोच पाठ होतो. एल्म, हिकरी, ॲशमध्ये साल काढली की खालचं पहिलंच वलय पाठ असतं. तिथे सोलायचे कष्ट नाहीत, पण सालीखालचा थर एकदा खराब झाला की पाठच गेली.

खराब कोण करतं? पहिला मान किड्यांचा. साल अंगावर ठेवून पडलेल्या ओंडक्याला लांब मिशांचे भुंगेरे आधी शोधून काढतात. त्यांच्या अळ्या सालीच्या आतल्या बाजूला नागमोडी चर पाडत जातात. ओसेजमध्ये त्या बहुतेक पांढऱ्या थरातच थांबतात, जो आपण तसाही काढून टाकणार असतो. हिकरीत त्याच चरांनी पाठीची चाळण होते. दुसरे भुंगेरे फार बारीक, लाकडाचं अक्षरशः पीठ पाडणारे. त्यांना पांढऱ्या थरातला स्टार्च हवा असतो आणि वाळलेलं लाकूडही चालतं, म्हणून दहा वर्षांनीसुद्धा ते येऊ शकतात. एक-दीड मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखा भुगा, ही त्यांची खूण. भुगा फिकट आणि ताजा असेल तर वस्ती चालू आहे. भोकं मोजून नुकसानीचा अंदाज बांधू नये. भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची जागा, आतले बोगदे वरून दिसत नाहीत. आपल्याकडे बांबू तोडण्याचे दिवस पाळतात, तोडलेले बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामागेही बांबूतला स्टार्च कमी करून असल्याच भुंगेऱ्यांना उपाशी मारण्याचा हिशेब आहे. भिल्ल, पावरा यांची धनुष्यं बांबूची, तेव्हा तो प्रश्न त्यांचाही.

दुसरा शत्रू बुरशी, आणि तो जास्त लबाड. बुरशीला वीस टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. कोठारात जमिनीला टेकवून ठेवलेला फाळका, ताडपत्रीत घट्ट गुंडाळलेली चळत, साल न काढता वर्षभर अंगणात पडलेला हिकरीचा ओंडका, सगळीकडे तो मिळतो. काळ्या नागमोडी रेषा, राखाडी डाग, चुन्यासारखे फिके पट्टे दिसले तर ओळखणं सोपं. अडचण अशी की बुरशी आधी चिवटपणा खाते, मग वजन. लाकडाचं वजन एक-दोन टक्क्यांनी कमी व्हायच्या आत झटका सोसायची ताकद निम्मी गेलेली असू शकते. बाहेरून लाकूड घट्ट, रंग बरा, नखाला कठीण. असं लाकूड खांबाला चालेल, टेबलाला चालेल. धनुष्याला नाही.

म्हणून मोडून पाहण्याची चाचणी टाळता येत नाही. फाळक्याच्या टाकाऊ कडेला दाभणाचं टोक धाग्यांच्या आडवं खुपसायचं आणि उचकटायचं. निरोगी लाकडातून लांब ढलपी उठते, एका टोकाला चिकटून राहते, ओढली तर धाग्याधाग्यानं सोलते. बाधलेल्या लाकडाची ढलपी दाभणाच्या वरच, मधोमध, कट्‌ करून मोडते आणि तुटलेली कड सपाट दिसते. हीच गोष्ट पेन्सिलीएवढी काडी फोडून, गुडघ्यावर मोडून पाहता येते. चांगली काडी मोडताना चरचर आवाज करत झाडूसारखी फुटते. वाईट काडी गाजरासारखी तुटते, एका झटक्यात. ही चाचणी दोन्ही टोकांना आणि मध्ये, तिन्ही ठिकाणी करावी, कारण जमिनीला टेकलेलं टोक बिघडलेलं आणि वरचं निरोगी असं सर्रास सापडतं. विकणाऱ्याला त्याच्या मालात दाभण खुपसलेलं आवडत नाही. न आवडो.

वजनही खूप सांगतं. ओसेजचं वाळलेलं चांगलं लाकूड दर घन सेंटिमीटरला ०.८ ते ०.८५ ग्रॅमच्या आसपास भरतं. १८० सेंटिमीटर लांब आणि पाच गुणिले पाच सेंटिमीटर जाडीचा चौकोनी दांडा असेल तर त्याचं घनफळ ४,५०० घन सेंटिमीटर, वजन पावणेचार किलोच्या आगेमागे हवं. तोच तीन किलो भरला तर वलयं पुन्हा बघावीत. वजनावरून पारख ही नवी युक्ती नाही. रॉजर ॲस्कम यांनी १५४५ मध्ये तिरंदाजीवर इंग्रजीत पुस्तक लिहून इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला सादर केलं. त्यात चांगलं धनुष्य कसं निवडावं हे सांगताना बारीक, लांब, सरळ या गुणांच्या जोडीला ते जडही असावं असं त्यांनी नोंदवलं आहे आणि गाठी, भेगा, चुरगळ्या या दोषांची यादीही दिली आहे. पावणेपाचशे वर्षांत त्या यादीत आपण फारसं काही वाढवलेलं नाही.

त्याच वर्षी जुलैत हेन्रीची युद्धनौका मेरी रोझ पोर्ट्‌समथसमोर बुडाली. १९८२ मध्ये तिचा सांगाडा वर काढला, त्या उत्खननात १७० हून अधिक यूची धनुष्यं सापडली, त्यातली पुष्कळशी अखंड. खरोखर जुन्या लाकडाचं काय होतं, हे यामुळे प्रत्यक्ष पाहायला मिळालं. सावकाश वाळवल्यावर ती घट्ट दिसत होती, वलयं मोजता येत होती, तासणीच्या खुणाही शाबूत होत्या. त्यांचा आकार मोजून आणि तसंच यू वापरून केलेल्या प्रतिकृतींवरून अभ्यासकांनी हिशेब केला, तर ही धनुष्यं ओढायला साधारण शंभर ते एकशे पंचाऐंशी पौंड जोर लागत असावा असं निघालं. पण मूळ धनुष्यांपैकी काहींना दोरी लावून सावधपणे ओढलं तेव्हा ती वाकली आणि जोर त्याच्या आसपासही भरला नाही. चार शतकं गाळात राहून पेशींच्या भिंती आतून पोकळ झाल्या होत्या. रूप टिकलं, बळ गेलं.

कोरड्या जागी काय होतं, त्याचा अभ्यास जपानमध्ये झाला. होर्यू-जीसारख्या प्राचीन मंदिरांच्या दुरुस्तीत निघालेलं हिनोकी लाकूड जिरो कोहारा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तपासलं. पहिली दोन-तीनशे वर्षं दाब सोसण्याची ताकद थोडी वाढते, मग सावकाश उतरते, असं त्यांना आढळलं. झटका सोसायचा चिवटपणा मात्र वयाबरोबर कमी होतो. मंदिराच्या खांबाला हे चालतं, कारण त्याचं काम दाब सोसण्याचं. धनुष्याला चिवटपणाच हवा. अर्थात हा शतकांचा हिशेब आहे. नीट ठेवलेल्या फाळक्याला वीस, तीस, चाळीस वर्षांनी वयामुळे काही होत नाही, त्याचं जे होतं ते साठवणीमुळे.

रंगावर मात्र विसंबू नये. ओसेजचा पिवळा रंग उजेडात तपकिरी होतो आणि जुना फाळका काळपट, मेल्यासारखा दिसतो. सुरीनं एक फराटा मारला की खाली पुन्हा पिवळं लाकूड लागतं. उलट ताजा रंग मारून नवा केलेला फाळका मला जास्त संशयास्पद वाटतो.

राहिले पीळ आणि गाठी. दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावला की पीळ किती ते दिसतं. लांबीभर सारखा पसरलेला थोडा पीळ वाफेनं किंवा कोरड्या उष्णतेनं सोडवता येतो. एकाच जागी अचानक घेतलेली गिरकी सोडवता येत नाही. नागमोडी धागा भीतिदायक दिसतो, पण धनुष्याची आखणी धाग्याबरोबर वळवली तर तो दगा देत नाही. वाकडीतिकडी दिसणारी ओसेजची धनुष्यं वर्षानुवर्षं चालतात. गाठ धनुष्याच्या रुंदीच्या मधोमध येत असेल तर भोवती थोडं लाकूड जास्त ठेवून तिला सामावून घेता येतं. कडेवर येत असेल तर आखणी सरकवावी, आणि सरकवायला जागा नसेल तर फाळका ठेवून द्यावा. गाठीचा गाभा कुजून काळा झाला असेल तर तो कोरून काढायचा. खाली निरोगी लाकूड लागलं तर ठीक.

इतकं करून बरेच फाळके ना पास, ना नापास असे उरतात. एक टोक उत्तम, दुसरं कुजलेलं. मध्ये वाईट गाठ, दोन्हीकडे सुरेख लाकूड. तिथे पूर्वीच्या लोकांनी दोन वाटा काढल्या. मैदानी प्रदेशातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांनी आखूड धनुष्याच्या पाठीवर हरणाच्या किंवा बायसनच्या कंडरांचे तंतू सरसानं चिकटवले. ते ताण अंगावर घेतात आणि लाकडाला फाटू देत नाहीत. दुसरी वाट सुताराची. फाळक्याचे हातभरापेक्षा मोठे दोन चांगले तुकडे कापून ते मुठीत एकमेकांत खाचा घालून जोडायचे. मूठ वाकत नाही, त्यामुळे सांध्यावर फार ताण येत नाही. १९२० च्या दशकात सॅक्स्टन पोप आणि आर्थर यंग यांच्यासारखे शिकारी ओरेगॉनच्या यूची अशी जोडलेली धनुष्यं सर्रास वापरत, कारण पूर्ण लांबीचा निर्दोष यू तिथेही दुर्मीळच होता. तुकडे एकाच ओंडक्यातले, शेजारशेजारचे असले तर दोन्ही बाजूंची वलयं जुळतात आणि भुजा सारख्या वाकतात. वेगवेगळ्या झाडांचे असले तर एक भुजा दुसरीपेक्षा थोडी जाड ठेवावी लागते, आणि किती जाड, ते मात्र कानस चालवता चालवताच कळतं.